बिल्ला सुरगमची हाडे आणि बदलते ऋतुमान



अलीकडे गावोगावी एक तक्रार सारखी कानावर येते. मृगाचा पाऊस मृगात पडत नाही, आर्द्रा कोरड्या जातात, आणि पीक कापणीला आले असता आभाळ फाटल्यासारखे कोसळते. थंडी दोन-चार दिवस पाहुण्यासारखी येऊन जाते. आंब्याचा मोहोर अवेळी येतो आणि अवेळीच गळतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, आमच्या लहानपणी असे नव्हते. शाळेत जाणारी मुले सांगतात, पृथ्वी तापत चालली आहे असे गुरुजींनी शिकविले. दोघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु त्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ऋतुमान यापूर्वी कधी असे पालटले होते काय? पालटले असल्यास रानातील मुक्या जनावरांनी काय केले? ती मेली, पळाली, की तग धरून राहिली?

पर्जन्यमापके लावून पावसाची पद्धतशीर नोंद ठेवावयास आरंभ होऊन फार काळ लोटलेला नाही. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. म्हणजे सरकारी दप्तर जेमतेम दीडशे वर्षांचे, आणि आजोबांची आठवण त्याहूनही तोकडी. हजारो वर्षांचा हिशेब पाहावयाचा असेल, तर तो कोणत्याही कचेरीत मिळावयाचा नाही. तो जमिनीत पुरलेला आहे, आणि त्याची पाने म्हणजे पूर्वी मरून गेलेल्या जनावरांची हाडे व दात. असे एक उत्कृष्ट दप्तर हैदराबादच्या दक्षिणेस सुमारे अडीचशे किलोमीटरांवर सापडले आहे. त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हैदराबादला जाणारी आपली मंडळी चारमिनार व सालारजंग संग्रहालय पाहून बहुधा बिर्ला विज्ञान केंद्रातही डोकावतात. तेथे कोटासॉरस नावाच्या प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा उभा केलेला आहे. त्याची हाडे प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात यामनपल्ली येथे मिळाली. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तेथून फार दूर नाही. असा अगडबंब सांगाडा पाहून मुले हरखून जातात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु ऋतुमानाची गोष्ट ज्यास समजून घ्यावयाची आहे, त्याने उंदीर, हरिण, साळिंदर, वानर अशा सामान्य सस्तन प्राण्यांकडे वळावे. यातील पुष्कळ जाती आजही आपल्या शेताच्या बांधावर दिसतात. त्या काय खातात, कोठे राहतात, पाण्यावाचून किती दिवस काढतात, हे आपणास ठाऊक आहे. म्हणून त्यांचे जुने हाड सापडले, की त्या काळी तेथे गवत होते की झाडी, ओल होती की कोरड, याचा अंदाज बांधता येतो.

आता ते ठिकाण पाहू. आपल्या स्वयंपाकघरातील ओट्यास जी काळी ‘कडप्पा’ फरशी लावतात, ती आंध्र प्रदेशातील कडपा व कर्नूल या भागांतून येते. हा मुळात चुनखडीचा दगड होय. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना किंचित आंबट होते, आणि असे पाणी लक्षावधी वर्षे झिरपत राहिले म्हणजे चुनखडी विरघळून तिच्यात भुयारे पडतात. बेथमचेर्ला या रेल्वे स्थानकाच्या आसपासच्या डोंगरांत अशा पुष्कळ गुहा आहेत. त्यांतील बिल्ला सुरगम हा गुहासमूह विद्वानांत विशेष प्रसिद्ध आहे. पूर्वी हा प्रदेश कर्नूल जिल्ह्यात मोडत असे. २०२२ साली नंद्याळ हा नवा जिल्हा झाला, तेव्हापासून तो त्यात आहे.

या गुहांतील हाडांचे वर्णन कॅप्टन न्यूबोल्ड या अधिकाऱ्याने १८४४ साली प्रथम प्रसिद्ध केले. पुढे चाळीस वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. नंतर विलायतेतील प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ हक्स्ली यांच्या सूचनेवरून मद्रासचे गव्हर्नर ग्रांट डफ यांनी या गुहा खणून पाहण्याचे काम भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट यांजकडे सोपविले. हिंदुस्थानातील अश्मयुगीन मानवाचे पहिले दगडी हत्यार १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे ओळखणारे ते हेच फूट. १८८४ व १८८५ या सालांत त्यांनी आणि त्यांचे चिरंजीव लेफ्टनंट हेन्री फूट यांनी या गुहा खणल्या.

गुहांना ओळखीसाठी नावे हवी होती. फूट पितापुत्रांनी दिलेली नावे वाचून आमच्या वाचकांस मौज वाटेल. एका गुहेचे नाव ‘कॅथेड्रल’. दुसरीचे ‘चॅप्टर हाउस’, म्हणजे मठातील धर्मबंधू विचारविनिमयासाठी एकत्र बसतात ते दालन. तिसरीचे ‘पर्गेटरी’, म्हणजे शुद्धिस्थान. आणि चौथीचे ‘चार्नेल हाउस’, म्हणजे जुन्या थडग्यांतून काढलेल्या अस्थी ठेवण्याची कोठडी. ही नावे शास्त्रीय ग्रंथांत आजतागायत चालत आली आहेत, आणि जगभरचे पंडित ‘कॅथेड्रल गुहेतील अमुक थर’ असे गंभीरपणे लिहितात.

इतकी हाडे तेथे आली कशी, असा प्रश्न कोणासही पडेल. याचे उत्तर खेड्यात राहणाऱ्यास समजावयास कठीण नाही. बिबट्या शिकार ओढून कपारीत नेतो. तरस मेलेल्या ढोराची हाडे गोळा करून बिळापाशी नेते. साळिंदर रानात पडलेली हाडे उचलून आणते आणि आपले दात झिजविण्यासाठी कुरतडीत बसते. घुबड उंदीर सबंध गिळते व त्याची हाडे आणि केस यांची गोळी करून ओकून टाकते. ज्या खबदाडात घुबडांच्या शेकडो पिढ्या बसल्या, तेथे उंदीर-चिचुंद्रांच्या दातांचा जणू गालिचाच अंथरला जातो. वरून पावसाळ्यात माती येऊन हे सर्व झाकते. दुसऱ्या वर्षी पुन्हा हाडे, पुन्हा माती. असे थरावर थर साचत जातात.

खालचा थर जुना व वरचा नवा, ही गोष्ट आज आपणास अगदी साधी वाटते. परंतु ती नीट मांडून दाखविणारा पुरुष आपल्या पवित्र सभेचाच एक बिशप होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. निकोलस स्टेनो यांचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे झाला. खडकात सापडणारे त्रिकोणी दगड म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या शार्क माशांचे दात होत, हे त्यांनी ओळखले. आणि १६६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात थरांचा नियम सांगितला. ते १६७५ साली धर्मगुरू व १६७७ साली बिशप झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. तेव्हा जुन्या हाडांचा अभ्यास म्हणजे श्रद्धेशी काही वैर आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये.

फूट यांनी जमविलेली हाडे लायडेकर या विद्वानाने तपासली व १८८६ साली त्यांचे सविस्तर वर्णन छापले. त्या यादीत वानर, वाघ, अस्वल, साळिंदर, घूस, ससा, सांबर, रोही (म्हणजे नीलगाय), चौशिंगा, काळवीट, पिसोरी अशी आपल्या परिचयाची नावे होती. त्याबरोबरच काही आश्चर्यकारक नावेही होती. एक गेंडा होता. त्यास लायडेकर यांनी कर्नूलचेच नाव दिले. आज केवळ आफ्रिकेत आढळणारे ठिपकेदार तरस होते. बबून जातीच्या माकडाचाही त्यात उल्लेख होता. आज ज्या मुलखात उन्हाळ्यात दगड तापून फुटतात, तेथे एके काळी गेंडा चरत होता, ही गोष्टच ऋतुमान बदलल्याची साक्ष होय.

तथापि फूट यांच्या काळी एक मोठी अडचण होती. हाड जुने आहे एवढे कळे. किती जुने, ते सांगता येत नसे. पुढील शतकात यास उपाय निघाले. वाळूचा कण मातीखाली गाडला गेला, की त्याला सूर्यप्रकाश मिळत नाही, आणि आजूबाजूच्या मातीतील सूक्ष्म किरणोत्सर्गामुळे त्याच्या अंगी हळूहळू ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत ती ऊर्जा मोजली, म्हणजे त्या कणाने शेवटचे ऊन केव्हा पाहिले ते सांगता येते. रोजंदारीच्या हजेरीपटावरून मजूर किती दिवस कामावर आहे हे मुकादम सांगतो, तसाच हा प्रकार.

दातांपासून आणखी सूक्ष्म माहिती मिळते. गवत खाणाऱ्या जनावराच्या दाढा उंच व बळकट असतात, कारण गवतातील खर व त्याबरोबर येणारी माती दात झिजविते. झाडपाला खाणाऱ्याच्या दाढा बुटक्या असतात. शिवाय प्रत्येक वनस्पती हवेतून कार्बन घेते, आणि कार्बनात हलका व जड असे दोन प्रकार असतात. ज्वारी, मका, ऊस आणि उष्ण कुरणांतील बहुतेक गवते जड कार्बन थोडा अधिक घेतात; भात, गहू आणि झाडे कमी घेतात. जनावर जे खाते, त्याची खूण त्याच्या दाताच्या कवचात कायमची उतरते. कडब्यावर वाढलेल्या बैलाचा दात आणि रानातील पाल्यावर वाढलेल्या भेकराचा दात प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येतात. लाख वर्षांपूर्वीच्या हरणाच्या बाबतीतही हेच लागू पडते. हवा कोरडी होऊन झाडी हटली व गवत पसरले, की दातांतील हिशेबही बदलतो.

अशा नव्या साधनांनिशी बिल्ला सुरगमच्या गुहांत पुन्हा उत्खनन झाले. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील प्राध्यापक रवी कोरीसेट्टर, ऑक्सफर्डचे मायकेल पेट्राग्लिया, पॅट्रिक रॉबर्ट्स आणि अनेक देशांतील त्यांचे सहकारी या कामी एकत्र आले, आणि २०१४ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांना सस्तन प्राण्यांचे २१ प्रकार ओळखता आले. त्यांपैकी २० प्रकार निदान एक लाख वर्षांपूर्वीपासून, आणि काही तर दोन लाख वर्षांपूर्वीपासून, आजपर्यंत भारतात टिकून आहेत. एकच प्रकार नाहीसा झाला. तो म्हणजे गेलाडा नावाच्या गवत खाणाऱ्या माकडाचा भाऊबंद. त्याचे आप्त आज फक्त इथिओपियाच्या उंच पठारांवर राहतात.

एकवीसपैकी वीस! हा आकडा केवढा मोठा, हे त्या काळातील उलथापालथ ध्यानात घेतल्यावाचून कळावयाचे नाही. या दोन लाख वर्षांत पृथ्वीवर हिमयुगे येऊन गेली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, उत्तरेकडील देश बर्फाखाली होते, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती, आणि आपला नैर्ऋत्य मोसमी पाऊस क्षीण झाला होता. आपल्या जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे श्री. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे कोरीव नक्षीचे कवच मिळाले. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहे. खानदेशात शहामृग धावत होता, यावरून तो मुलूख केवढा उघडा व कोरडा असावा याची कल्पना येईल. त्याहीपूर्वी, सुमारे ७४ हजार वर्षांमागे, सुमात्रा बेटातील टोबा ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला, आणि त्याची राख समुद्र ओलांडून हिंदुस्थानभर पडली. बिल्ला सुरगमच्याच मुलखात, ज्वालापुरम् गावी, या राखेचा जाड थर आजही पाहावयास मिळतो. असे दुष्काळ, अशी राख, अशी थंडी सोसून काळवीट, रोही, चौशिंगा, सांबर टिकून राहिले.

दुसऱ्या खंडांची स्थिती याहून फार निराळी झाली. अमेरिकेतील हत्तीसारखे मॅमथ व मॅस्टोडॉन, राक्षसी स्लॉथ आणि मूळचे घोडेदेखील नामशेष झाले. ऑस्ट्रेलियातील प्रचंड प्राणी गेले. तेथे हवामानाने घात केला की नव्याने आलेल्या माणसाने, याविषयी विद्वानांत अद्याप वाद आहे. आपल्याकडेही माणूस होताच. हैदराबाद विद्यापीठात पुढे प्राध्यापक झालेले एम. एल. के. मूर्ती यांनी याच भागातील मुच्चट्ला चिंतामानू गवी या गुहेचे उत्खनन केले. तेथे हाडांबरोबर माणसाची हत्यारे मिळाली, आणि सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीची एक चूलही मिळाली. म्हणजे पावसाने ओढ दिलेली, वर माणूस शिकारीस टपलेला, असे दुहेरी संकट त्या जनावरांवर होते.

मग ती वाचली कशी? शास्त्रज्ञांचे उत्तर असे, की हा मुलूख एकसारखा नव्हता. डोंगर, दरी, झुडपी रान, गवताळ माळ, नदीकाठची दाट राई, असे तुकडे एकमेकांस लागून होते. गोधडीत जसे निरनिराळे ठिगळ शेजारी शेजारी शिवलेले असतात, तसा तो प्रदेश होता. लायडेकर यांच्या यादीत उघड्या माळावरचा काळवीट आणि दाट झाडीतली पिसोरी एकाच गुहासमूहातून आलेली आहेत, याचा अर्थ हाच. पाऊस घटला, की झाडीतली जनावरे ओढ्याकाठच्या उरल्यासुरल्या राईत सरकली. पाऊस वाढला, की पुन्हा पसरली. काही जाती या भागातून अजिबात उठल्या, परंतु देशात अन्यत्र टिकून राहिल्या. आपले धनगर बांधव वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत. माळ करपला, की मेंढरे घेऊन ते कोकणपट्टीत उतरतात, आणि पावसाळा लागला की परततात. वाट मोकळी आहे, तोवर कळप जगतो.

यावरून सर्वच जनावरे सुखरूप राहिली, असे मात्र कोणी समजू नये. गुहेतील दप्तराबरोबर नदीकाठचे दप्तरही वाचले पाहिजे. मांजरा नदी बीड जिल्ह्यात उगम पावून धाराशिव, लातूर, बिदर या भागांतून तेलंगणात जाते, आणि तिच्यावरील धरणांचे पाणी हैदराबाद शहर कित्येक वर्षे पीत आले आहे. या नदीच्या काठच्या गाळात व वाळूत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांना प्राचीन हत्तींची व रानबैलांची हाडे मिळाली. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात अशाच हत्तीचे अवशेष मिळाल्याची नोंद १९०५ सालची आहे. हा हत्ती आजच्या हत्तीहून पुष्कळ मोठा होता. तो आज नाही. पाणघोडाही एके काळी आपल्या नद्यांत डुंबत असे. मध्य भारतात तो जवळजवळ सोळा हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता, असे अलीकडे दिसून आले आहे. तोही गेला. अद्वैत जुकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली साऱ्या उपखंडातील नोंदी एकत्र करून असे दाखविले, की सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीपासून येथे जी थोडी जनावरे नष्ट झाली, ती मुख्यत्वे फार मोठ्या देहाची होती.

याचे कारण उघड आहे. उंदरी वर्षातून अनेकदा विते. हत्तीण एका पिलासाठी जवळजवळ बावीस महिने गाभण राहते. कळपातील थोडी जनावरे जरी दर वर्षी अधिक मेली, तरी ती तूट भरून निघत नाही. पाणघोड्यास बारमाही डोह लागतो. पाऊस क्षीण झाला, डोह आटले, की त्यास दुसरा आसरा नाही. ज्याच्या गरजा थोड्या आणि ज्याची वीण मोठी, तो टिकला. ज्यास पाणी भरपूर लागे व ज्याची वीण थोडी, तो आधी गेला.

याहूनही फार पुरातन एक साक्ष हैदराबादच्या पश्चिमेस विकाराबादजवळ नसकल या गावी मिळाली आहे. आपल्या दख्खनचा काळा कातळ ज्या लाव्ह्याने बनला, तो काही कोटी वर्षांपूर्वी एकदम न वाहता थांबून थांबून वाहिला. दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचली. त्या तळ्यांच्या गाळात चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे सूक्ष्म दात मिळाले, आणि १९८८ साली प्रसाद व साहनी यांनी त्याचे नाव ठेविले डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. या नावात आपले दख्खन आहे, आणि नागपूरचे मिशनरी व भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचे स्मरणही आहे. आग ओकणाऱ्या भूमीवरही, मधल्या उसंतीत, जीवसृष्टी पुन्हा संसार थाटीत होती.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, “जनावरांनी दोन लाख वर्षे एवढे सोसले, तर आताची ऊब ती काय? तीही सोसतील.” हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो, परंतु बिल्ला सुरगमची हाडे त्यास दुजोरा देत नाहीत. ती जनावरे टिकली याचे कारण त्यांना सरकावयास जागा होती, आणि बहुधा सरकावयास अवधीही होता. हिमयुगाचा शेवट होऊन पृथ्वी उबदार व्हावयास हजारो वर्षे लागली. आताची ऊब माणसाच्या दोन-चार पिढ्यांत आली आहे. आणि जागेचे म्हणाल, तर हैदराबाद शहरातच याचे उदाहरण आहे. वनस्थलीपुरम् येथे महावीर हरिण वनस्थळी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे काळवीट सुखाने चरतात. परंतु भोवताली शहर वसलेले आहे. उद्या तेथले गवत करपले, तर ते काळवीट जाणार कोठे? बिल्ला सुरगमच्या काळवीटास जी वाट होती, ती आजच्या काळवीटास राहिलेली नाही. गोधडीची ठिगळे अजून आहेत, पण त्यांना जोडणारी शिवण उसवली आहे.

एवढ्या दुष्काळांतून पार पडलेला प्राणी माणसाच्या हातून थोडक्या वर्षांत कसा जातो, हेही आपण पाहिले आहे. आपल्या माळावरचा चित्ता १९५२ साली देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ साली तो नामिबियातून विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडावा लागला. जे गवताळ माळ आपणच नांगरले अथवा पडीक म्हणून इमारतींस दिले, त्यांची किंमत अशी कळून येते.

येथे शेतकरी वाचकांचा एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. “रोही आणि रानडुकरे आमचे उभे पीक तुडवितात, आणि तुम्ही त्यांना जागा ठेवा म्हणता!” रात्र रात्र माचाणावर बसून राखण करणाऱ्याचे दुःख शहरात बसून कळत नाही, हे आम्ही मान्य करतो. त्यास नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु रोही शेतात का येतो, याचाही विचार व्हावा. त्याचे कुरण गेले, त्याचा पाणवठा बुजला, आणि वाघ-लांडग्यासारखे त्याचे वैरी आपण मारले. उरले ते आपले शेत. गावाजवळचे कुरण राखले, तर शेतावरचा भार काही अंशी तरी हलका होईल.

मग खेड्यातील कुटुंबाने करावे काय? ओढ्याच्या काठची झाडी सरपणासाठी साफ करू नये. तीच कोरड्या वर्षी रानाला आणि आपल्या विहिरीलाही आधार देते. बांधावरील बोरी-बाभळी राखाव्यात. माळाला उगाच काडी लावू नये. गावची देवराई असो, गायरान असो की आपल्या देवळाभोवतालची व स्मशानभूमीची मोकळी जागा असो, तेथील जुने झाड आणि गवत हे पडीक मानू नये. असे लहान लहान तुकडे एकमेकांच्या जवळ राहिले, तर मुंगूस, साळिंदर, ससा यांना एकाकडून दुसऱ्याकडे जाता येते.

आणि आणखी एक गोष्ट, जी विशेषेकरून मराठवाड्यातील व नदीकाठच्या वाचकांसाठी आहे. विहीर खणताना, वाळू काढताना, नदीची दरड कोसळली असता दगडासारखे जड झालेले हाड किंवा मोठी दाढ दिसली, तर ती फोडू नये, विकू नये, आणि जागेवरून हलविण्याची घाई करू नये. किती खोल व कोणत्या थरात ती होती, यातच तिची निम्मी किंमत असते. जागा सोडली की ती किंमत जाते. गावच्या शाळेतील शिक्षकांस अथवा तहसील कचेरीस कळवावे, आणि त्यांच्याकरवी पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांस वर्दी द्यावी; सर्वेक्षणाचे दक्षिण विभागीय कार्यालय हैदराबादेस आहे. मांजरेची आणि गोदावरीची वाळू रात्रंदिवस उपसली जात आहे, आणि तिच्याबरोबर या दप्तराची न वाचलेली पाने काँक्रीटमध्ये मिसळून जात आहेत. ही पाने एकदा गेली, की पुन्हा लिहिली जावयाची नाहीत.

ऋतुमान पूर्वी पालटले होते, आणि जनावरांनी ते सोसले, हे खरे. मात्र ते एकट्यादुकट्याच्या बळावर सोसले नाही. शेजारी ओढा होता, पलीकडे राई होती, आणि मधली वाट मोकळी होती, म्हणून सोसले. येत्या पावसाळ्यात आपल्या शिवारात एवढी एक वाट मोकळी राहील असे पाहणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.